घर पावसाळ्यात बघावं

आमच्या बँकेत कुणाची मुंबईला बदली झाली की त्याचं अभिनंदन व्हायच्या आत बडे बाबूंचा प्रश्न त्याच्यावर येऊन आदळायचा, "मजला कितवा?"

"अजून घर कुठे बघितलंय, बाबूजी?"

"नाही बघितलं? मग वाचलास. बस इथे."

आणि काउंटरवरची गर्दी तशीच उभी ठेवून, पेनाला टोपण लावून ते त्याला समोर बसवून घ्यायचे. बाहेर झाशीचा मे महिना. गरम वाऱ्याची लू अशी की सायकलचं हँडल रुमालाशिवाय धरवत नाही. नळाला पाणी कधी येणार यावर गल्लीतली लग्नं-मुंजीसुद्धा अडायची. आणि आत हा माणूस घामाने निथळत सांगायचा, "बेटा, पाणी कसं येतं ते आधी समजून घे. पाऊस वरून येतो असं लोकांना वाटतं. तो खालून येतो."

ते आमचे हेडक्लार्क, म्हणून सगळे त्यांना बडे बाबू म्हणायचे. उंच, काटकुळे, ऐन उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. अंगाच्या मानाने हाताचे पंजे मात्र फार मोठे. पेशवाईत सुभेदाराबरोबर इकडे आलेल्या आणि मग इथलेच होऊन गेलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक, आमचंही एक. ओरछा गेटच्या आत आमची घरं एकाच गल्लीत. त्यामुळे बँकेत ते माझे साहेब आणि गल्लीत काका, पण मी दोन्हीकडे बडे बाबूच म्हणायची आणि ते दोन्हीकडे मला बिटिया म्हणायचे.

मुंबई ते टेबलावर मांडून दाखवत. लाकडी पट्टी म्हणजे रेल्वेची लाइन. पंचिंग मशीन म्हणजे मुलुंडची टेकडी. टाचण्यांची डबी घाटकोपर, डिंकाची बाटली भांडुप, आणि शिक्क्याचं पॅड म्हणजे कुर्ला. मग प्यायच्या पाण्याचा पेला हळूच तिरपा करायचा. "बघ. कुठे जातंय?" कसंही ओता, पाणी वळसे घेत घेत शिक्क्याच्या पॅडकडेच जायचं. "पाण्याला नकाशा लागत नाही. ते आपल्या बापजाद्यांच्या वाटेनेच जातं. तू मधे घर बांधलंस तर ते तुझ्या घरातून जाईल, एवढंच." एकदा हे कुर्ला एका खातेदाराच्या पासबुकावर वाहून गेलं, तेव्हापासून मॅनेजरसाहेबांनी बडे बाबूंच्या टेबलावर पाणी ठेवायला मनाई केली. मग ते चहा ओतून दाखवू लागले.

घर बघायचं तर पावसाळ्यात, हा त्यांचा पहिला नियम. "उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली असतात." दुसरा नियम, जिन्यात विजेचे मीटर किती उंचावर ठोकलेत ते पाहावं. माणसाच्या डोक्याच्या वर असतील तर नमस्कार करून परत फिरावं, तिथे पाणी एकदा येऊन गेलेलं आहे. तिसरा नियम, गल्लीतली कुत्री पावसात कुठे झोपतात ते बघावं आणि त्या इमारतीत जागा आहे का विचारावं. आणि सगळ्यात मोठा नियम, "दलालाला विचारू नये. भिंतीला विचारावं."

भिंतीला विचारायची त्यांची पद्धत होती. आधी तळवा टेकवायचा. डोळे मिटायचे. मग गाल लावायचा. सवय इतकी लागली होती की झाशीतल्या ठणठणीत कोरड्या भिंतींनाही त्यांनी सोडलं नाही. सीपरी बाजारात एका सहकाऱ्याच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलाकडच्यांनी मोठ्या हौसेने नवी बैठक दाखवली, आणि बडे बाबू कुणी काही म्हणायच्या आत भिंतीला गाल लावून उभे. मुलाच्या वडिलांनी घाबरून विचारलं, "क्यों साहब, कुछ कमी रह गई?" बाबूंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "नहीं जी, बहुत अच्छी है. कुछ नहीं बोल रही." ते लग्न जमलं.

मऊरानीपूरचा एक तरुण आमच्याकडे लागला होता. घरचा धान्याचा व्यापार, पण याला नोकरी हवी होती. नवं लग्न झालेलं आणि मुंबईला बदली. बडे बाबूंना त्याची फार काळजी वाटली. "याला सांगून कळायचं नाही," ते मला म्हणाले. "याला दाखवलं पाहिजे." आणि भर जूनमध्ये, एका रविवारी त्यांनी आपल्या घरात मुंबई उभी केली. मागची खोली बंद केली, खिडक्यांना गोणपाटं लावली, दोन कूलर आणून आत पाणी भरून सोडले, जमिनीवर बादल्या ओतल्या, दोरीवर ओले कपडे टांगले, ओली सतरंजी अंथरली. टँकरची वाट बघणारी गल्ली हे पाणी वाहताना बघून हबकली. समोरची म्हातारी ओरडली, "काए बाबूजी, जो का कर रए?"

"बंबई!" बाबू आतून म्हणाले.

त्या नवरा-बायकोला आत बसवलं. बाबूंनी पापड आणून दाखवला, थोड्या वेळाने तो कसा लोळागोळा झाला ते दाखवलं. काडेपेटी पेटत नाही हे दाखवलं. "आता असे चार महिने. विचार करा."

पण बाहेर लू चालली होती. त्या दोघांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की विचारू नका. त्याची बायको तर सतरंजीवर पाय पसरून बसली. तेवढ्यात समोरची म्हातारी पाहायला म्हणून आली ती आतच टेकली. मग तिच्या सुना आल्या. मग त्यांची पोरं, शेजारचा शिंपी, आणि घटकाभरात ती खोली यात्रेतल्या धर्मशाळेसारखी भरली. दुपारभर कुणी हलेना. संध्याकाळी तो तरुण बाबूंच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबूजी, बंबई तो स्वर्ग है!"

बडे बाबूंच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला बसल्या की हातातलं काम विसरणाऱ्या. गल्लीत त्यांचं बोलणं एका ओट्यावर सुरू व्हायचं आणि चार ओटे पुढे संपायचं. त्यांना हसू आवरत नव्हतं. बाबू मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

मुंबईचं हे वेड त्यांच्या डोक्यात का बसलं होतं, ते सगळ्या बँकेला ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सांगायचे. तरुणपणी त्यांना अधिकारी म्हणून बढती मिळाली होती आणि मुंबईला पाठवलं होतं. घाईघाईत त्यांनी कुर्ल्याला तळमजल्यावर जागा घेतली. एप्रिलमध्ये बघितलेली. काकूंना आणलं. जुलैत घरात पाणी शिरलं. ते ओसरलं, पुन्हा शिरलं. आणि एके दिवशी बाबू कामावरून आले तर दाराला कुलूप, किल्ली शेजारी. काकू पंजाब मेलमध्ये बसून एकट्या झाशीला निघून गेल्या होत्या. परत यायला त्यांनी साफ नकार दिला. बाबूंनी थोडे दिवस वाट पाहिली, मग बढती परत केली आणि क्लार्क म्हणून झाशीला आले ते कायमचे. "एक मजला चुकला," ते म्हणायचे. "फक्त एक मजला, बिटिया. वर असतो तर आज मॅनेजर असतो." यात काकूंवर राग नसायचा. राग असायचा तो स्वतःवर आणि त्या भिंतीवर.

काकू हे ऐकत असल्या की नुसतं "पाणी!" म्हणायच्या आणि आत जायच्या. त्याचा अर्थ मला तेव्हा कळत नसे.

मग माझीच पाळी आली. मी परीक्षा पास झाले, अधिकारी झाले आणि मुलुंडच्या शाखेचं पत्र हातात पडलं. माझे वडील नव्हते, भाऊबहीण कोणी नाही, घरी मी आणि आई. आई म्हणाली, "तू जा. मी झाशी सोडणार नाही." तिला एकटी टाकून मी जाणार नव्हते हे तिलाही माहीत होतं. म्हणजे नकार लिहून द्यायचा आणि आयुष्यभर त्याच काउंटरवर बसायचं. मी तशी तयारीही केली होती. आठ दिवस घरात आम्ही दोघी एकमेकींशी फक्त भाजी कुठली करायची एवढंच बोललो.

बडे बाबूंना हे कळलं तेव्हा ते संध्याकाळी घरी आले. आमच्या भिंतीला सवयीने हात लावला आणि आईला म्हणाले, "ताई, नकार द्यायचा तर बघून द्या. न बघता दिलेला नकार जन्मभर टोचतो. मी रजा काढतो. आत्ता जुलै आहे, घर बघायला याहून चांगला महिना नाही. तुम्हाला पसंत पडलं नाही तर बिटिया नकार लिहून देईल, मी स्वतः टाइप करीन."

आई म्हणाली, "वहिनी येत असतील तर येते."

ती हे टाळण्यासाठीच म्हणाली होती. काकू मुंबईचं नाव काढू देत नाहीत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण काकू ओट्यावरून म्हणाल्या, "चला. मीही येते." बाबू इतके दचकले की त्यांना खाली बसावं लागलं.

असे आम्ही चौघं मुंबईला उतरलो. आईच्या मावसबहिणीकडे सामान टाकलं. पाऊस कोसळत होता आणि बडे बाबू इतके खूश की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात छत्री धरून ते पुढे, मागे आम्ही तिघी. वाटेत ते पाण्याची दिशा बघत. एका नाल्याकाठी थांबून त्याला म्हणाले, "ओळखलं हं तुला."

दिवसभर घरं बघितली. दलाल वैतागला. त्याने दार उघडलं की बाबू खोल्या न बघता भिंतीला गाल लावायचे, आणि खालच्या जिन्यात मीटर बघायला मला पाठवायचे. शेवटी दुसऱ्या दिवशी मुलुंडला, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर, एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना हवी ती जागा सापडली. भिंती कोरड्या खडखडीत. जिन्याखाली तीन कुत्री गाढ झोपलेली. बाबूंनी गाल लावला तो बराच वेळ काढलाच नाही. "बिटिया," ते म्हणाले, "ही घे. हिच्यासारखी दुसरी नाही."

मला जागा आवडली. आई खिडकीशी उभी होती. तिला काय वाटतंय ते कळेना. काकू कुठे दिसेनात. मी बाहेर आले, तर त्या मजल्यावरच्या बंद दारांच्या घंट्या वाजवत होत्या. एक दार साखळीपुरतं उघडलं. काकूंनी हसून विचारलं, "आमच्या ताई इथे राहायला येऊन राहिल्यात. त्यांना इथे चांगलं लागेल का हो?"

"काय लागेल?" आतल्या बाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा," आणि दार लागलं. दुसऱ्या दारातल्या बाईंना हसू फुटलं. काकू परत आल्या आणि आईच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अजून एक बघू."

"आता कशाला?" बाबू म्हणाले.

"अजून एक," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की दलालही निमूट निघाला.

बसने ठाण्याला आलो. नौपाड्यात एक जुनी दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं. जागा पहिल्या नजरेतच बाद होण्यासारखी होती. पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचा एवढा मोठा डाग की त्यात नर्मदा दिसावी. बाबूंनी गालही लावला नाही, नुसता हात टेकवला आणि ओला तळवा आम्हाला दाखवला. "चला."

पण काकू शेजारच्या दारात पोचल्या होत्या. ते दार उघडंच होतं. आत एक बाई वाल सोलत बसली होती. काकूंनी तेच विचारलं, शब्द न शब्द तेच. "आमच्या ताई इथे राहायला येऊन राहिल्यात. त्यांना इथे चांगलं लागेल का हो?"

त्या बाईने मान वर केली. मग म्हणाली, "लागेल की! न लागायला काय झालं? कुठल्या तुम्ही? बोलता किती गोड. बसा ना, बसा. ताई कोण? या आत."

आई आत गेली. बसली. त्या बाईने वालाचं ताट सरकवलं आणि आईने सोलायला सुरुवात केली, जणू ती झाशीच्या ओट्यावर बसली होती. गेल्या महिनाभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

बाबू अस्वस्थ होऊन जिन्यात येरझारा घालत होते. काकू बाहेर आल्या तसे म्हणाले, "अगं, भिंत बघितलीस का? कुर्ल्याचंच घर आहे हे. पुन्हा तेच करायचं? पाण्यामुळे तू..."

"पाण्यामुळे मी नाही गेले."

ते थांबले. मी जिन्याच्या कठड्याशी होते, जाऊ की थांबू कळेना. काकू पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पाणी तर मी तांब्याने उपसत होते. झाशीत घागरीसाठी रांग लावणारी मी, मला पाण्याचं काय भय? तिथे पहिल्या महिन्यात शेजारणींनी विचारलं, कसं काय वाटतंय. मी आपलं आपल्या बोलीत सांगितलं, मला इथे चांगलं नाही लागत. त्या म्हणाल्या, मग मीठ घाला. आणि सगळ्या हसल्या. मला कळेना काय चुकलं. मग मी काहीही बोलले की हसायच्या. वाईट नव्हत्या, पण हसायच्या. मी बोलणंच सोडलं. तुम्ही सकाळी जायचात ते दिवे लागल्यावर यायचात. दिवसभर मी कुणाशी बोलत नव्हते. एके दिवशी वाटलं, आपल्याला आवाज आहे की गेला? म्हणून गाडीत बसले. झाशीच्या स्टेशनवर तांगेवाला म्हणाला, काए बाई, किते जाने? आणि मी रडले."

बडे बाबूंचे मोठाले पंजे नुसते लोंबत होते. मग म्हणाले, "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही मला कधी विचारलंत? भिंतींना विचारत हिंडलात."

काकू हे हसून म्हणाल्या, पण बाबूंचे डोळे भरून आले होते. ते त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. जिना अरुंद, दोघांना जेमतेम जागा. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा लाल झाला. "मीठ घाला म्हणाली? कोण? ती मधल्या खोलीतली का? अजून तिथेच असेल ती. चल, आत्ताच्या आत्ता कुर्ल्याला जाऊ!" आणि ते खरोखरच छत्री उघडायला लागले. काकू हसत सुटल्या, त्यांना थांबवता थांबवता छत्रीत अडकल्या, आणि आतून आईने विचारलं, "काय झालं हो तिकडे?"

"काही नाही ताई," काकू म्हणाल्या. "घर पसंत आहे का सांगा."

आई म्हणाली, "माझे एवढे वाल सोलून होऊ द्या."

आम्ही ती जागा घेतली. बाबूंनी विरोध केला नाही, पण झाशीला परतायच्या आधी, पावसाची उघडीप साधून, दोन दिवस राबून त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. गवंड्याला ते इतकं शिकवत होते की तो शेवटी म्हणाला, काका, तुम्हीच चढा. मग ते चढलेही. डाग गेला नाही. आकार बदलला, पुढच्या पावसाळ्यात तो गाढवासारखा दिसू लागला. आई त्या घरात पुढे सोळा पावसाळे राहिली. कपाटातल्या साड्यांना बुरशी धरायची, लोणच्यांना जपावं लागायचं, आणि आईला घरी शोधायचं तर आधी शेजारी बघावं लागायचं. तिच्या "चांगलं लागतं"वरून तिथेही हसायचे, पण मग ती स्वतःच आधी हसायची. काही वर्षांनी त्या मजल्यावरच्या चारही घरांत सगळ्यांनाच सगळं चांगलं लागू लागलं होतं.

बाबू आणि काकू झाशीला निघाले त्या दिवशी शेजारणीने आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. बोलता बोलता ती बडे बाबूंना म्हणाली, "काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. माझ्या भाचीला तुमच्या झाशीलाच नोकरी लागलीय, दवाखान्यात. तिकडे आमचं कोणी नाही. फार ऊन असतं म्हणे, पाण्याचे हाल. तिने घर कुठे बघावं?"

मी मनात म्हटलं, आता निघाले पंचिंग मशीन आणि डिंकाची बाटली. त्यांना आयुष्यात कुणी झाशीत कुठे राहावं असं विचारलंच नव्हतं. बाबूंनी कप खाली ठेवला. नेहमीप्रमाणे त्यांचा हात भिंतीकडे गेला, पण टेकला नाही.

"मुलगी बोलकी आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"बोलकी? अहो, बोलायला लागली की थांबत नाही."

"मग ओरछा गेटच्या आत बघू. तिथे ओट्याला ओटा लागून आहे. आमच्याच गल्लीत बघू." आणि मग काकूंकडे वळून ते म्हणाले, "हो की नाही गं? तुला काय वाटतं?"

काकूंनी आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मला नाही वाटत. एकटी मुलगी, तिला सीपरी बाजारात बघा. संध्याकाळी तिथे किती रौनक असते. आपल्या गल्लीत सगळ्या म्हाताऱ्याच उरल्यात."

"म्हाताऱ्या काय बोलत नाहीत?"

"बोलतात, पण फक्त गुडघ्यांबद्दल बोलतात."

"आणि सीपरीत दिवसभर दुकानं, गाड्या. तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जाईल?"

गाडीची वेळ होत आली होती. मी घड्याळ दाखवलं, पण दोघांपैकी कुणीच बघितलं नाही. शेजारणीने रिकामे कप गोळा केले आणि ती दुसऱ्यांदा चहा टाकायला उठली.